पाण्यावर उभं राहण्याचा पहिला धडा

मंडळी, आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला जंगलाबद्दल काहीही विचारा. साग कोणता, ऐन कोणता, मोह कधी गळतो, वाघाचा माग ताजा की शिळा, तो चालता चालता सांगेल. समुद्राचं नाव काढलं की मात्र तो गप्प होतो. गंमत अशी, की आमचं सगळं पाणी शेवटी समुद्रालाच जातं. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात, तिथून पुढे त्यांचं नाव प्राणहिता होतं. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. पाणी कधीचंच समुद्रावर गेलं, माणूस मात्र झाडीतच राहिला.

मीही त्यातलाच. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात मी समुद्र एकदाच पाहिला होता, तोही मुंबईत, गेटवेच्या कठड्याला धरून. कवितेत मात्र पुष्कळदा वापरला होता. कवीला त्यासाठी परवाना लागत नाही! गेल्या डिसेंबरात लेकीनं आम्हा नवरा-बायकोला गोव्याला नेलं. पेडणे तालुक्यात आश्वे नावाचा किनारा आहे, तिथं चार दिवस मुक्काम होता. पहिल्याच रात्री जेवताना ती म्हणाली, ‘अब्बा, उद्या सकाळी तुम्ही सर्फिंग शिकायचं. मी पैसे भरलेत.’

मी म्हणालो, ‘बेटा, मला पोहता येत नाही.’

‘कमरेएवढ्या पाण्यातच शिकवतात. आणि पैसे परत मिळत नाहीत.’

पैसे परत मिळत नाहीत म्हटल्यावर आपल्यासारख्या माणसाचा विरोध निम्मा होतो. उरलेला निम्मा विरोध कशाचा होता, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

माझं बालपण आरमोरीचं. तेव्हा आरमोरी चांदा जिल्ह्यात होतं. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. वडिलांचा बांगड्यांचा धंदा होता. बाजाराच्या दिवशी बांगड्यांची पेटी घेऊन ते डोंग्यानं वैनगंगा ओलांडून पलीकडच्या गावांना जात. डोंगा म्हणजे झाडाचं अख्खं खोड कोरून केलेली अरुंद नाव. शाळेला सुटी असली की मी सोबत असायचो. डोंगा हाकणारा म्हातारा ढिवर मागच्या टोकाला उभा राहून बांबू टेकवत नाव पुढं न्यायचा. मलाही त्याच्यासारखं उभं राहायचं असायचं. एकदा वडिलांची नजर चुकवून मी उठलो. डोंगा डगमगला, पेटी सरकली आणि मी घाबरून स्वतःच्या पायांकडे बघू लागलो. म्हातारा अगदी शांतपणे म्हणाला, ‘पायाकडं नोको पाहू बाबू, समोर पाय!’ आमच्या बोलीत ‘पाय’ म्हणजे ‘पाहा’. एकाच वाक्यात पायही आला आणि पाहणंही. मी समोर पलीकडच्या काठाकडे पाहिलं. डोंगा स्थिर झाला.

पुढं मी पाचवीत असताना आमच्या वर्गातला एक मुलगा गावाबाहेरच्या बोडीत बुडाला. बोडी म्हणजे धानाला पाणी देण्यासाठी बांधलेलं लहान तळं. आम्ही चौघं काठावरच होतो. तो ओरडला नाही. हात नुसते वरखाली होत होते. आम्हाला वाटलं, डुबक्या मारून आम्हाला फसवतोय. आम्ही हसत होतो.

त्या दिवसापासून अम्मीनं फर्मान काढलं, पाण्याजवळ जायचं नाही. डोंगाही बंद झाला. माझं पाण्याचं शिक्षण तिथंच संपलं. नंतर बी.ए. झालो, पुस्तकं छापली, पण पाणी या विषयात मी पाचवी नापासच राहिलो.

आता गोव्यातल्या त्या पहिल्या संध्याकाळची गोष्ट. सहा वर्षांच्या नातीला पाण्यात जायचं होतं. वडीलधारा म्हणून जागा मीच निवडली. उजवीकडे लाटा धाडधाड फुटत होत्या, डावीकडेही फुटत होत्या. मधे दहा-पंधरा पावलं रुंदीचा एक पट्टा मात्र शांत होता. तिथं लाट फुटत नव्हती, फेस नव्हता, पाणी गावच्या तळ्यासारखं संथ. मी नातीचा हात धरून त्या संथ पाण्यात गुडघाभर गेलो. तेवढ्यात जोरात शिट्टी वाजली. जीवरक्षक धावत आला आणि आम्हाला तिथून उठवून, लाल-पिवळे झेंडे लावले होते तिकडे, म्हणजे नेमकं फेसाळलेल्या पाण्याकडे जायला सांगू लागला. मला राग आला. शांत पाण्यातून हाकलतो आणि खवळलेल्या पाण्यात जा म्हणतो, हा कुठला न्याय? मी नातीला घेऊन तडक खोलीवर परतलो. पोरगी रडली ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी किनाऱ्यावर हजर झालो. अंगाला चिकटणारा लांब बाह्यांचा सदरा, खाली अर्धी चड्डी. पोट लपवायला कुठे जागाच नाही. शिकवणारा मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा, तिथल्याच मच्छीमाराच्या घरातला. त्यानं आल्या आल्या फळी हातात दिली नाही. आम्हा चार शिकाऊंना वाळूत बसवलं आणि म्हणाला, ‘दहा मिनिटं नुसतं पाणी बघायचं.’

त्या दहा मिनिटांत मला जे समजलं, ते आधी तुम्हाला सांगतो. फळीवर उभं राहणं त्याच्या नंतरचं.

पहिली गोष्ट, सकाळच का? शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. रात्रीतून जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. ते येणाऱ्या लाटेला समोरून अलगद थोपवतात, त्यामुळे लाटेचं अंग गुळगुळीत राहतं. दुपारपर्यंत जमीन तापते, वारा उलटा फिरतो, खारे वारे सुटतात आणि पाण्यावर खवलं उठतात. म्हणून शिकायची वेळ सकाळची. चाळीस वर्षांपूर्वी दोन गुणांसाठी पाठ केलेला धडा मला त्या सकाळी पहिल्यांदा उपयोगी पडला.

दुसरी गोष्ट, लाट म्हणजे काय? आपल्याला वाटतं, लाट म्हणजे समुद्राचं पाणी आपल्याकडे चालत येतं. तसं नसतं. आपल्याकडे भाद्रपदात धान पोटरीवर आलं की वारा सुटल्यावर शेतात काय दिसतं, आठवा. या बांधापासून त्या बांधापर्यंत एक लाट धावत जाते. पण धानाचं रोप जागचं हलतं का? ते वाकतं आणि पुन्हा उभं राहतं. पुढं जातो तो फक्त वाऱ्यानं दिलेला धक्का. समुद्रातही तेच. खोल पाण्यात पाण्याचा प्रत्येक कण जवळजवळ गोल फेरी मारून आपल्या जागी येतो आणि धक्का पुढच्याला देतो. बोडीत दगड टाकला की वर तरंगणारं पळसाचं पान वरखाली होतं, काठाला येत नाही, त्याचं कारण हेच.

हा धक्का फार दूरवरून आलेला असू शकतो. वारा जितका जोराचा, जितका वेळ वाहणारा आणि जितक्या लांब पाण्यावरून वाहणारा, तितकी लाट मोठी. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला वादळं उठतात आणि त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर चालून कित्येक दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. इकडे आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि लाटा मात्र मोठ्या. केरळचे कोळी अशा अवचित येणाऱ्या समुद्राला ‘कल्लकडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादला ‘इन्कॉइस’ नावाची समुद्राची माहिती देणारी राष्ट्रीय संस्था आहे. ती अशा लाटांचा इशारा आधी देते. किनाऱ्यावर जाण्याआधी तो पाहून घ्यावा. आभाळाकडे पाहून समुद्राचा अंदाज करू नये.

तिसरी गोष्ट, लाट फुटते का? खोल पाण्यात लाट निर्वेध चालते. किनाऱ्याजवळ तळ वर येऊ लागला की लाटेचा वेग कमी होतो, मागची लाट पुढचीला गाठू लागते आणि उंची वाढते. शेवटी वरचा भाग खालच्याच्या पुढं जातो आणि कोसळतो. घाईनं चालणाऱ्या माणसाचा पाय बांधाला अडखळावा आणि तो तोंडावर पडावा, तसं. साधारण हिशेब असा, की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे लाट जिथं फुटते तिथं पाणी उथळ आहे. आता याच्या उलटही लक्षात घ्या. जिथं ती फुटत नाही, तिथं पाणी खोल आहे.

आणि इथं मी चमकलो. त्या मुलानं बोट दाखवलं ते नेमकं काल संध्याकाळच्या माझ्या ‘शांत’ पट्ट्याकडे. म्हणाला, ‘अंकल, तिकडे संथ दिसतंय ना, ती सगळ्यात वाईट जागा.’

लाटा किनाऱ्याकडे पाणी लोटत असतात. ते पाणी परत जाणार कुठून? वाळूच्या दांड्यांमध्ये जिथं खोलगट वाट सापडते, तिथून ते एका धारेनं समुद्रात परत जातं. इंग्रजीत याला रिप करंट म्हणतात. आपण ‘ओढ’ म्हणू. ती वाट खोल असते म्हणून तिथं लाट फुटत नाही, फेस नसतो, पाण्याचा रंग थोडा गडद दिसतो. आणि समुद्र न पाहिलेला माणूस, नागपूरचा असो, चंद्रपूरचा असो, तीच जागा पोराबाळांसाठी निवडतो. ओढ जोरात असली तर पाणी सेकंदाला दोन मीटरपेक्षा अधिक वेगानं आत जातं. ऑलिंपिकचा जलतरणपटूही त्याच्याविरुद्ध पोहून किनारा गाठू शकणार नाही.

माझ्या हाताला आदल्या संध्याकाळचा नातीचा हात जाणवला. अंगावर काटा आला. ज्याच्यावर मी चिडलो होतो, तो जीवरक्षक आमच्यासाठीच धावला होता. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून पगारी जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा म्हणजे त्यांनी पाहून ठेवलेली, त्यांची नजर असलेली जागा. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही.

ओढीत सापडलंच तर काय करायचं? त्या मुलानं बोटं मोडत सांगितलं. एक, घाबरून किनाऱ्याकडे हात मारत सुटायचं नाही. माणूस ओढीनं बुडत नाही, दमून बुडतो. ओढ खाली खेचत नाही, आत नेते, आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे गेल्यावर तिचा जोर ओसरतो. दोन, पाठीवर तरंगत राहायचं आणि एक हात वर करून मदत मागायची. तीन, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवं पोहून धारेतून बाहेर पडायचं आणि मग फेसाळलेल्या लाटांबरोबर तिरकं किनाऱ्याकडे यायचं.

आता फळी. शिकाऊ माणसाची फळी आठ-नऊ फूट लांब आणि वरून मऊ असते. फळी जितकी लांब-रुंद तितकी ती जास्त तरंगते आणि कमी डगमगते. खाली माशाच्या परासारखे पर असतात, ते तिला सरळ ठेवतात. वर मेण घासलेलं असतं, पाय सटकू नये म्हणून. एक दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात, म्हणजे माणूस पडला तरी फळी लांब जात नाही. मागचा पाय कोणता, हे ठरवायची त्याची युक्ती मजेशीर होती. माझं लक्ष नसताना त्यानं मला मागून हलकेच ढकललं. तोल सावरायला माझा डावा पाय पुढं पडला. म्हणाला, ‘झालं, डावा पुढं, उजवा मागं.’

मग वाळूवरच कवायत. फळीवर पालथं झोपायचं, पायाची बोटं मागच्या टोकापाशी. दोन्ही हातांनी आळीपाळीनं पाणी मागं ओढायचं. लाटेनं फळी उचलली असं वाटलं की तळवे छातीशी टेकवायचे, अंग उचलायचं आणि एका हिसक्यात पाय पोटाखाली घेऊन उभं राहायचं. गुडघे वाकलेले, अंग आडवं वळलेलं, हात मोकळे. ऐकायला सोपं आहे. सत्तावन्न वर्षांच्या गुडघ्यांना विचारून पाहा!

त्यानंतर त्यानं शिकवलं ते पडायला, आणि मला वाटतं, खरा धडा तोच होता. उथळ पाण्यात डोकं खाली घालून कधी पडायचं नाही, मान मोडते. पाठीवर किंवा कुशीवर, पसरट पडायचं. वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरायचे, कारण फळी तुमच्या आधी वर येऊन वाट पाहत असते. आणि फळी कधीही आपल्या आणि लाटेच्या मधे धरायची नाही. लाट ती छातीवर आपटते. ती बाजूला धरायची. जगात उभं कसं राहायचं हे सगळेच शिकवतात. पडायचं कसं, हे मला पहिल्यांदाच कुणीतरी शिकवत होतं.

कमरेएवढ्या पाण्यात गेलो. शिकाऊंना न फुटलेली मोठी लाट देत नाहीत. फुटून फेस झालेली, दम उतरलेली लाट देतात. पहिल्या वेळी मी उठायच्या आधीच पडलो. दुसऱ्यांदा गुडघ्यावर आलो आणि पडलो. मग मोजणं सोडलं. नाकातोंडात खारट पाणी, डोळे चुरचुरताहेत, किनाऱ्यावर बायको पदर तोंडाला लावून हसतेय आणि नात ओरडतेय, ‘नाना, उठा!’ दर वेळी मी तेच करत होतो. उठताना पायांकडे बघत होतो, पाय नीट पडले की नाही म्हणून. शेवटी तो मुलगा मागून ओरडला, ‘अंकल, सकयल पळोवं नाकात! फुडें पळयात!’ खाली बघू नका, पुढं बघा.

क्षणभर मी गोव्यात नव्हतोच. बोली कोकणी होती, पण शब्द माझ्या म्हाताऱ्या ढिवराचे होते. मी मान वर केली. समोर किनाऱ्यावर नारळाचं एक झाड होतं, त्याच्यावर नजर ठेवली आणि उठलो. तीन सेकंद. फार तर चार. पाण्यावर उभा होतो.

यात जादू काही नाही. मान खाली गेली की डोक्याचं वजन पुढं जातं, खांदे वळतात आणि तोल ढळतो. शिवाय हलणाऱ्या पाण्याकडे पाहिलं की डोळ्यांना आपणच हलतोय असं वाटतं. दूरच्या स्थिर गोष्टीवर नजर असली की शरीराला सरळ म्हणजे काय ते कळतं. वैनगंगेवरच्या ढिवरालाही ते ठाऊक होतं आणि अरबी समुद्रावरच्या या पोरालाही. दोघांनाही ते पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं.

ही विद्या मूळची प्रशांत महासागरातल्या बेटांवरची. हवाई बेटांत राजापासून सामान्यांपर्यंत, बाया-पुरुष सगळे लाकडी फळ्यांवर लाटा चढत. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या धर्मोपदेशकांनी नाकं मुरडली, रोगराईनं बेटांवरची माणसंही फार कमी झाली आणि हा खेळ जवळजवळ विसरला गेला. विसाव्या शतकात तो जगभर नेला तो हवाईच्याच ड्यूक कहानामोकू यांनी. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलेला हा माणूस. पण मला त्यांची दुसरी गोष्ट मोठी वाटते. १४ जून १९२५ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मासेमारीला निघालेली एक नाव मोठ्या लाटांत उलटली. ड्यूक आपली फळी घेऊन पाण्यात शिरले, पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या आणि आठ माणसं जिवंत काढली. आणखी दोघा साथीदारांनी चार काढली. पाचजण गेले. सर्फिंगची फळी खेळासाठी आहे तशी जीव वाचवण्यासाठीही आहे, हे त्या दिवसानं लोकांना दाखवलं.

आपल्या देशात हा खेळ रुजला तो अलीकडे. कर्नाटकात मंगळूरजवळ मुल्की इथं जॅक हेबनर या अमेरिकेहून आलेल्या स्वामींच्या आश्रमात २००४ पासून मुलं शिकू लागली. चेन्नईजवळच्या कोवलम गावात मूर्ती मेगवन या कोळ्यानं आपल्या गावच्या पोरांना फळीवर उभं केलं. सर्फिंगची राष्ट्रीय संघटना २०११ मध्ये झाली. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, हा खेळ पहिल्यांदा आला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत आपल्या रमेश बुदिहालनं कांस्यपदक मिळवलं. यात कोळ्यांच्या घरची मुलं किती आहेत, हे पाहण्यासारखं आहे. ज्यांच्या वाडवडिलांना पाणी वाचता येत होतं, त्यांच्या मुलांना फळी लवकर आली.

आता तुम्ही म्हणाल, कवीमहाशय, गोव्याची मजा ऐकली, आमच्या झाडीपट्टीत याचा काय उपयोग? आमच्याकडे कुठे समुद्र आहे?

समुद्र नाही, पण पाणी किती आहे पाहा. वैनगंगा, वर्धा, इरई, कठाणी, पर्लकोटा, इंद्रावती. गावोगावचे मामा तलाव, बोड्या, वाळू उपसून नदीत झालेले खड्डे, कोळसा काढून पाण्यानं भरलेल्या खाणी. आणि दर उन्हाळ्यात, दर पोळ्या-गणपतीत पेपरात तीच बातमी. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली. सकाळी मजुरीला निघालेल्या बाया घरी परतल्या नाहीत. मार्च २०२५ मध्ये नागभीड तालुक्यातल्या घोडाझरी तलावात पाच तरुण बुडाले. देशभरात पाण्यात बुडून दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसं जातात. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडणं टाळण्यासाठी ठेवला आहे. आपल्याकडे तो ऐन पुराच्या दिवसांत येतो आणि कुणाच्या ध्यानात न येता जातो.

आपण आपल्या मुलांना पाण्याबद्दल एकच वाक्य शिकवतो, ‘पाण्याजवळ जाऊ नको.’ माझ्या अम्मीनंही तेच शिकवलं. तिची माया खरी होती, पण तो धडा अपुरा होता. आदल्या संध्याकाळी मी नातीला ओढीत घेऊन गेलो, तो याच अपुऱ्या शिक्षणाच्या जोरावर. पाण्याला भ्यायला मी शिकलो होतो, पाणी ओळखायला नाही.

नदीची ओळखही समुद्रासारखीच शिकता येते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला धार जोरात आणि पाणी खोल, आतल्या बाजूला वाळू आणि उथळ. जिथं पाणी काळसर आणि गप्प, तिथं डोह. वाळू उपसलेल्या जागी एक पाऊल गुडघाभर तर दुसरं डोक्यावर. पुलावरून वाहणारं पाणी घोटाभर असलं तरी वेगात असेल तर पाय उचलतं; गुडघाभर पाणी मोटरसायकल नेतं. भामरागडच्या लोकांना हे सांगायला नको, पर्लकोटेचा पूर ते वर्षानुवर्षं पाहत आले आहेत. नदीच्या धारेत सापडलात तर पाठीवर या, पाय वाहत्या दिशेला पुढं ठेवा, धारेविरुद्ध जाऊ नका, तिरकं तिरकं काठाकडे सरका.

आणि कुणी बुडत असेल तर? बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ‘वाचवा वाचवा’ ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या रेषेवर असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही. तो गप्प असतो. पाचवीत मला हे कुणी सांगितलं असतं तर आम्ही चौघं हसत उभे राहिलो नसतो. त्याच्यामागे उडी टाकू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं जातात, ते असेच. काठावरून बांबू द्या, दोर टाका, ओढणी टाका, धोतर टाका, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर लगेच तोंडानं श्वास द्यायला आणि छाती दाबायला सुरुवात करा आणि कुणाला तरी १०८ नंबर लावायला सांगा. हे करायचं कसं, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून आधीच शिकून ठेवा.

आमच्या गावांत शिक्षकही तयार आहेत. कुणी बुडालं की पोलीस, तहसीलदार पहिला निरोप कुणाला देतात? ढिवरांना. रात्री-बेरात्री डोंगा घेऊन तेच निघतात आणि बहुतेक वेळा त्यांना प्रेतच काढावं लागतं. जो माणूस प्रेत काढायला चालतो, तो आमच्या मुलांना पोहायला शिकवायला का चालू नये? शाळेनं, ग्रामपंचायतीनं उन्हाळ्याच्या सुटीत पंधरा दिवस त्याला मानानं बोलवावं, मानधन द्यावं. आपल्याकडे पाठीला रिकामा पत्र्याचा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवायची जुनी रीत होतीच. तीच रीत, फक्त जाणत्याच्या नजरेखाली, आणि मुलांबरोबर मुलींनाही. जागतिक आरोग्य संघटनाही शाळकरी मुलांना पोहणं आणि सुरक्षित बचाव शिकवा, असंच सांगते.

गोव्याहून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्या जीवरक्षकाला शोधून काढलं. त्याला काही आठवत नव्हतं; त्याच्या दिवसाला अशा कितीतरी शिट्ट्या असतात. मी शुक्रिया म्हणालो, तो हसला, आणि लगेच त्याची नजर पाण्याकडे वळली. बोलतानाही तो समोरच पाहत होता.

चंद्रपूरला आल्यावर मी पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. माझ्या तुकडीत बाकी सगळे आठ ते बारा वर्षांचे. मे महिन्यात नात येणार आहे, तीही सोबत असेल. गुरुजी म्हणतात, काका, प्रगती आहे. पाठीवरचा डबा मात्र अजून सुटलेला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)